चांद्याचे लोखंड आणि जमशेटजींचा हिशेब

मंदीच्या फेऱ्यात सापडलेला कारखाना वाचवायचा कसा, हा प्रश्न २००८ नंतर जगभर विचारला गेला तो मोटार कंपन्यांच्या निमित्ताने. अमेरिकेतील क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या बलाढ्य कंपन्यांना २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्याच्या वर्षभर आधी, जून २००८ मध्ये, टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन नामांकित ब्रिटिश कंपन्या फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्या होत्या. काही महिन्यांतच जगभरातील मागणी कोसळली आणि २००८-०९ या आर्थिक वर्षात टाटा मोटर्सला एकत्रित हिशेबात सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा तोटा सोसावा लागला. हा घास टाटांना पचणार नाही, असे तेव्हा अनेक जाणकारांचे मत होते. पुढे नवी मॉडेल्स आली, खर्चाला शिस्त लागली आणि त्याच कंपन्या काही वर्षांत नफ्यात आल्या.

आजारी कारखान्याचे नेमके दुखणे कुठे आहे, नव्या यंत्रांवर खर्च करायचा की हात आखडता घ्यायचा, तोटा कोणी सोसायचा आणि कोणत्या क्षणी माघार घ्यायची, या प्रश्नांना टाटा उद्योगसमूहाच्या संस्थापकाने एकोणिसाव्या शतकातच तोंड दिले होते. तेव्हा कारखाना मोटारींचा नव्हता, सूत आणि कापडाचा होता. जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या चरित्राचा हा भाग महाराष्ट्राला, आणि त्यातही विदर्भाला, जवळचा आहे. त्यांचे पहिले मोठे यश नागपुरात उभे राहिले, तर आयुष्यातील सर्वांत महत्त्वाकांक्षी योजनेची पहिली जागा होती तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजेच आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात.

मंदीचा पहिला धडा

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य करणाऱ्या या घराण्यात व्यापाराकडे वळलेले पहिले गृहस्थ म्हणजे त्यांचे वडील नसरवानजी. मुलाला त्यांनी मुंबईला आणले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत रुजू झाले आणि लवकरच हाँगकाँगला रवाना झाले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांपासून नव्या बँकांपर्यंत मिळेल त्या कंपनीच्या शेअर्सवर उड्या पडू लागल्या. या लाटेचे अध्वर्यू होते प्रेमचंद रायचंद, आणि टाटांची पेढीही त्यांच्याशी जोडली गेली होती. लंडनमध्ये एक हिंदुस्थानी बँक काढायची म्हणून जमशेटजींना तिकडे पाठवण्यात आले. ते तेथे असतानाच १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव गडगडले आणि मुंबईचा फुगा फुटला. जमशेटजींच्या हातातील हुंड्या आणि तारण यांची किंमत रद्दीइतकीही उरली नाही.

पंचविशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण त्या वेळी परक्या शहरात देणेकऱ्याच्या भूमिकेत उभा होता. त्यांनी तोंड लपवले नाही. सावकार आणि बँका यांच्याकडे स्वतः जाऊन त्यांनी पेढीची खरी स्थिती उघड केली. त्यांच्या सचोटीचा परिणाम असा झाला, की धनकोंनी पेढीचे व्यवहार आवरण्याचे काम महिना २० पौंड पगारावर त्यांच्याचकडे सोपवले. इकडे मुंबईत नसरवानजींनी राहते घर विकून देणी फेडली. उधारीच्या पैशावर फुगलेला धंदा किती लवकर बसतो आणि संकटात हिशेब उघडा ठेवणाऱ्याची पत कशी टिकते, हे दोन्ही धडे जमशेटजींना एकाच वेळी मिळाले.

पेढी सावरली ती ॲबिसिनियावर निघालेल्या ब्रिटिश फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटातील नफ्यामुळे. १८६८ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, जमशेटजींनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांनी चिंचपोकळी येथील एक दिवाळे निघालेली तेलाची गिरणी घेतली, तिचे कापड गिरणीत रूपांतर केले आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकून टाकली. बुडीत कारखाना हे संकट असते तशी संधीही असते, याचा त्यांना आलेला हा पहिला अनुभव.

नागपूरची निवड

त्या काळी कापड गिरणी काढायची तर मुंबईतच, असा रिवाज होता. जमशेटजींनी लँकेशायरच्या गिरण्या पाहून घेतल्या, देशातील जागा धुंडाळल्या आणि निवड केली ती नागपूरची. कापूस पिकवणारा प्रदेश भोवताली, रेल्वे दाराशी, इंधनासाठी कोळसा जवळ आणि तयार मालाला मध्य प्रांताची बाजारपेठ. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी स्वस्तात घेतली आणि भर घालून ती बुजवायला सुरुवात केली. हा माणूस सोने मातीत पुरतो आहे, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले. पुढे गिरणीचे वैभव पाहून, मातीतून सोने निघाले, हे त्याच सावकाराने कबूल केले, असे सांगतात.

१८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते, म्हणून गिरणीचे नाव पडले एम्प्रेस मिल. सुरुवात मात्र निराशाजनक होती. काटकसर म्हणून घेतलेली यंत्रसामग्री हलक्या प्रतीची निघाली आणि सूतही तसेच निघू लागले. भागधारकांत चलबिचल सुरू झाली. जमशेटजींनी चूक लवकर ओळखली आणि खर्चाची पर्वा न करता यंत्रे बदलली.

व्यवस्थापक म्हणून त्यांनी निवडलेले बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले गृहस्थ होते. कापड धंद्याचा त्यांना गंध नव्हता, परंतु माणसे आणि माल हाताळण्यात ते वाकबगार होते. तांत्रिक बाजू सांभाळण्यासाठी जेम्स ब्रुक्सबी हे इंग्रज तंत्रज्ञ त्यांच्या जोडीला होते. अमेरिकेत निघालेल्या रिंग चात्यांचा प्रयोग १८८३ च्या सुमारास नागपुरात झाला. लँकेशायरचे नामांकित यंत्रनिर्माते तेव्हा या नव्या पद्धतीकडे संशयाने पाहत होते. नागपूरच्या गिरणीत मात्र तिने उत्पादन वाढवून दाखवले.

कामगारांचा प्रश्न वेगळाच होता. शेतीत वाढलेल्या माणसाला भोंग्याच्या तालावर रोज हजर राहण्याची सवय नव्हती, त्यामुळे गैरहजेरी मोठी होती. दंड आणि बडतर्फी हा त्या काळचा रूढ उपाय बाजूला ठेवून एम्प्रेस मिलने नियमित येणाऱ्यांना बक्षिसे देण्याचा मार्ग धरला. आगीपासून संरक्षणासाठी पाण्याचे फवारे आणि हवेत दमटपणा राखणारी यंत्रे बसवली. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला, तर १८९५ मध्ये अपघातग्रस्तांना भरपाई देण्याची सोय झाली. अपघात भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयांचे मोल कळते. यात केवळ परोपकार नव्हता. टिकून राहणारा, कसबी कामगार ही यंत्राइतकीच मोलाची मत्ता आहे, हा त्यामागचा रोकडा हिशेबही होता.

कुर्ल्याची आजारी गिरणी

नागपूरच्या यशानंतर १८८६ मध्ये जमशेटजींनी केलेला व्यवहार अनेकांना वेडेपणाचा वाटला. कुर्ल्याची धरमसी मिल ही मोठी, परंतु पार डबघाईला आलेली गिरणी होती. तिच्या उभारणीवर सुमारे ५५ लाख रुपये खर्च झाले होते. जमशेटजींना ती साडेबारा लाखांत मिळाली. त्यांनी तिला नाव दिले स्वदेशी.

स्वस्तात मिळालेला माल महागात पडतो, याचा प्रत्यय लगेच आला. यंत्रे जुनाट, इमारतींची रचना गैरसोयीची आणि कामगारवर्ग अस्थिर. बाहेरची परिस्थितीही अनुकूल नव्हती. चांदीच्या भावाबरोबर रुपयाची किंमत पौंडाच्या तुलनेत घसरत होती, त्यामुळे विलायती यंत्रे दिवसेंदिवस महाग होत होती. दोन वर्षांत स्वदेशीच्या शेअरचा भाव कोसळला, बँकांनी कर्ज देण्यास हात वर केले आणि टाटांचे नाव आता बुडणार, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली.

येथे जमशेटजींनी जे केले, त्याला आजच्या भाषेत पुनर्रचना म्हणतात. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतःचा पैसा ओतला. बाहेरून कर्ज मिळेना, तेव्हा एम्प्रेस मिलचे आपले काही शेअर विकून त्यांनी रक्कम उभी केली. निरोगी कारखान्यातील आपली मालमत्ता आजारी कारखान्यासाठी मोडणे हा धोका मोठा होता, परंतु तो त्यांनी भागधारकांवर न टाकता स्वतः पत्करला. दुसरी गोष्ट माणसांची. नागपुरात तयार झालेले निवडक अधिकारी आणि जाणकार त्यांनी कुर्ल्याला आणले. तिसरी गोष्ट यंत्रांची. जुनी यंत्रे काढून तेथे नवी बसवण्यात आली. चौथी मालाची. जाड्याभरड्या सुताच्या गर्दीच्या बाजारात भाव पाडत बसण्यापेक्षा इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस आणून तलम सूत व कापड काढण्याकडे त्यांनी गिरणी वळवली.

या साऱ्याच्या मुळाशी आणखी एक बदल होता. त्या काळी गिरण्यांचा कारभार पाहणारे एजंट उत्पादनाच्या दर पौंडामागे कमिशन घेत. गिरणी तोट्यात असली, माल गोदामात पडून राहिला, तरी एजंटाची कमाई चालूच. मंदीच्या दिवसांत ही पद्धत गिरण्यांच्या मुळावर उठत असे. जमशेटजींनी आपल्या पेढीचा मोबदला नफ्याशी जोडून घेतला. कारखाना कमावील तरच चालक कमावील, हे तत्त्व आज सर्वमान्य वाटते. तेव्हाच्या मुंबईत ते अपवादानेच दिसे.

स्वदेशी मिल सावरली आणि तिच्या मालाला पूर्वेकडील बाजारात मागणी येऊ लागली. जमशेटजींचा प्रत्येक डाव मात्र यशस्वी झाला नाही. चीन-जपानकडे जाणाऱ्या सुतावर ब्रिटिश जहाज कंपन्या अवाच्या सव्वा भाडे आकारत, म्हणून १८९३ च्या सुमारास त्यांनी जपानी कंपनीच्या सहकार्याने स्वतःची जहाजे सुरू केली. पी अँड ओ या मातब्बर कंपनीने भाडे इतके खाली आणले, की टाटांना ती जहाजे बंद करावी लागली. तोटा किती काळ सोसायचा याची मर्यादा त्यांनी ओळखली आणि वेळेवर माघार घेतली. हाच गुण पुढे चांद्याच्या बाबतीत निर्णायक ठरणार होता.

चांद्याच्या जंगलात

१८८२ मध्ये जमशेटजींच्या वाचनात एक अहवाल आला. रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या साठ्यांवर तो लिहिला होता. लोहारा गावाजवळ उत्तम प्रतीच्या लोहखनिजाची टेकडी आहे आणि वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण तेथून फार दूर नाही, असा त्याचा आशय होता. या भागाला लोखंड नवे नव्हते. जंगलातील लाकडाचा कोळसा करून लहान भट्ट्यांत लोखंड गाळणारे कारागीर येथे पूर्वापार होते. नागपूरच्या गिरणीमुळे जमशेटजींना हा मुलूख परिचयाचा होता. गिरण्या चालवायच्या तर यंत्रे हवीत, यंत्रांना पोलाद हवे आणि पोलाद परदेशातून आणावे लागते, ही अडचण ते रोज अनुभवत होते.

परंतु दोन अडथळे आले. वरोऱ्याच्या कोळशाची परीक्षा केली तेव्हा तो लोखंड गाळण्याच्या भट्टीसाठी अयोग्य ठरला. त्यापासून चांगला कोक तयार होत नव्हता. शिवाय खाणपट्ट्याच्या सरकारी अटी इतक्या जाचक होत्या, की त्यावर मोठे भांडवल गुंतवणे शहाणपणाचे नव्हते. जमशेटजींनी कागद बांधून ठेवले. ते उघडले १७ वर्षांनी, १८९९ मध्ये, जेव्हा मेजर माहोन यांनी हिंदुस्थानात लोखंड-पोलादाचा कारखाना काढण्याजोगी वेळ आली आहे असा अहवाल दिला आणि लॉर्ड कर्झन यांच्या राजवटीत खाणींचे नियम सैल झाले.

साठीला पोहोचलेल्या जमशेटजींनी लंडनला जाऊन भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची भेट घेतली आणि चांदा जिल्ह्यात लोहखनिजाचा शोध घेण्याचा परवाना मिळवला. लोहारा आणि पिपळगाव ही त्यातील मुख्य ठिकाणे होती. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, पोलादाचे कारखाने पाहिले आणि न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला योजनेसाठी राजी केले. त्याच वर्षी त्यांनी थोरले चिरंजीव दोराबजी यांना एक पत्र लिहिले. पोलादाच्या शहरात रस्ते रुंद असावेत, त्यांवर लवकर वाढणारी सावलीची झाडे असावीत, बागा, मैदाने आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा राखून ठेवावी, असे त्यात त्यांनी सुचवले होते. या पत्राचा संबंध नेहमी जमशेदपूरशी जोडला जातो. परंतु ते लिहिले गेले, तेव्हा जमशेदपूरची जागा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. जमशेटजींच्या हातात परवाना होता तो चांदा जिल्ह्याचाच.

नकाशाने बदललेली दिशा

पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड हे भूगर्भतज्ज्ञ हिंदुस्थानात आले. दोराबजी आणि त्यांचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला यांच्यासह त्यांनी चांद्याचे जंगल पालथे घातले. बैलगाडीचा प्रवास, पाण्याचे दुर्भिक्ष आणि हिंस्र श्वापदांची भीती अशा स्थितीत ही पाहणी झाली. यातील शापुरजी पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि १९२२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. साम्यवादी खासदार म्हणून त्यांचे नाव गाजले. पाहणीचा निष्कर्ष प्रतिकूल निघाला. खनिज होते, परंतु विखुरलेले. कोक करण्याजोगा कोळसा जवळपास नव्हताच. चांद्याची योजना व्यवहार्य नाही, असे वेल्ड यांनी स्पष्टपणे कळवले.

वीस वर्षे जपलेली कल्पना, मिळवलेला परवाना आणि झालेला खर्च, एवढे पाठीशी असताना माघार घेणे सोपे नसते. झालेल्या खर्चाच्या मोहापायी आणखी खर्च करीत राहणे, हीच अनेक बुडालेल्या कारखान्यांची कथा असते. टाटांनी चांदा सोडला, शोध मात्र सोडला नाही. योजना गुंडाळल्याचे सांगण्यासाठी दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटीला गेले. वाट पाहावी लागली म्हणून ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथील भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्याचा काही भाग लोहखनिजाच्या खुणेने गडद रंगवलेला त्यांना दिसला. ती होती पी. एन. बोस यांनी नोंदवलेली दल्ली-राजहराची टेकडी. खनिज अव्वल निघाले, परंतु तेथेही योग्य कोळसा व पाण्याची अडचण होती. मग बोस यांनीच २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील साठ्यांची माहिती कळवली आणि शोध पूर्वेकडे वळला.

तो पूर्ण झालेला पाहणे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पोलाद कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ रोजी झाली आणि साकची येथील कारखान्यातून पहिले पोलाद १९१२ मध्ये बाहेर पडले. बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये, तर सह्याद्रीतील जलविद्युत १९१५ मध्ये आली. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत पोलाद कंपनी संकटात सापडली, तेव्हा १९२४ मध्ये दोराबजींनी स्वतःची संपत्ती आणि पत्नीचे दागिने बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभे केले. कुर्ल्याचा धडा पुढच्या पिढीने गिरवला होता.

हिशेबाची दुसरी बाजू

चांद्याच्या दृष्टीने मात्र हा हिशेब तोट्याचाच राहिला. वरोऱ्याची ती खाण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच बंद पडली. पुढे जिल्ह्यात इतर कोळसा खाणी, कागद, सिमेंट आणि वीज आली; रुंद रस्त्यांचे, सावलीच्या झाडांचे पोलादनगर आले नाही. दल्ली-राजहराच्या खनिजावर स्वातंत्र्यानंतर भिलाई उभे राहिले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी, म्हणजे पोलाद कंपनीच्या नोंदणीला नेमकी ७५ वर्षे झाली त्या दिवशी, चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगरावर, गेल्या काही वर्षांत लोहखनिजाचे मोठे उत्खनन सुरू झाले असून चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला आहे. जंगलाची हानी, जड वाहनांची वर्दळ आणि स्थानिक आदिवासींच्या वाट्याला येणारा रोजगार यांवरून तेथे वाद आहेत.

जमशेटजींच्या उपायांनाही काळाची मर्यादा होतीच. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. कुर्ल्याची स्वदेशीही थंडावली. एकदा केलेली पुनर्रचना कारखान्याला अमरत्व देत नाही. यंत्रे, माल आणि बाजार यांचा हिशेब प्रत्येक पिढीला नव्याने मांडावा लागतो. जमशेटजींनी तो मांडताना तोटा सर्वांत आधी स्वतःच्या खात्यावर घेतला आणि कामगाराला खर्चाच्या रकान्यात न टाकता भांडवलाच्या रकान्यात ठेवले. खनिज एवढ्या वर्षांनी पुन्हा बोलू लागलेल्या गडचिरोलीत नवे हिशेब मांडले जात आहेत. चांद्याच्या परवान्याच्या काळात लिहिलेल्या त्या पत्रातील शहराला या हिशेबात जागा मिळते की नाही, यावरच या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला काय येणार, हे ठरेल.